बिनसाखरेचा चहा

“तोंड उघड,” आय म्हणाली.

मंछामावशीनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. आमच्या चुलीपाशी पाटावर ती बसली होती, मांडीवर घडी घातलेला निळा शर्ट. शर्ट तिच्या भालूचा, आदल्या दिवाळीला घेतलेला आणि एकदाही अंगाला न लागलेला. माझ्या धाकट्या भावाला बसेल म्हणून द्यायला ती आली होती. “आता कुणी घालायचा तो,” एवढंच बोलली होती. डोंगराकडच्या एका भगतानं तांदूळ पाहून तिला सांगितलं होतं, की पोरगा या जगात राहिला नाही. येत्या अमावास्येला त्याचे दिवस घालायचं तिनं पक्कं केलं होतं.

आय म्हणजे माझी सासू, रेवाबाय. ती आणि मंछामावशी लग्न होऊन नांदखाडीत आल्या त्या एकाच वर्षी, आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन एकाच वाटेनं चालत म्हाताऱ्या झाल्या. दोघींचे नवरे दर्यानं नेले. दोघींचे मुलगे, माझा नवरा हरेश्वर आणि भालू, सौराष्ट्रातल्या एका बंदरावर एकाच ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले आणि एकाच सकाळी पलीकडच्यांच्या हाती लागले. पाण्यावर रेघ कुठे आखलेली नसते. रेघ ओलांडली हे पकडल्यावरच कळतं. तेव्हापासून दोघं पलीकडच्या तुरुंगात होते. पहिल्या वर्षी एक पत्र आलं, मग तेही बंद झालं.

आयनं फळीवरून साखरेचा डबा काढला. औषध न घेणाऱ्या पोराचा धरतात तसा मावशीचा जबडा धरला आणि चिमूटभर साखर तिच्या जिभेवर सोडली. बोलली काहीच नाही.

मावशीचे डोळे मोठे झाले. आमच्याकडे साखर उगाच काढत नाहीत. बुडाली म्हणून समजलेली नाव खाडीच्या तोंडाशी दिसली की आधी साखर, मग शब्द, अशी रीत आहे. आणि नाव डोळ्यांनी दिसल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हीसुद्धा.

“कसली गे ही?” मावशीनं विचारलं.

आयनं पुन्हा डब्यात बोटं घातली.

“अनंता दिल्लीला जाऊन आला. त्याची?”

आयनं दुसरी चिमूट तिच्या तोंडात घातली.

मावशी उठली. निळा शर्ट छातीशी धरून, चप्पल न घालताच ती उन्हात निघून गेली. मी दाराकडे बघत राहिले आणि मग आयकडे वळले. म्हटलं, आय, आपण शपथ घेतलीय.

“न बोलण्याची घेतलीय,” आय म्हणाली. “मी बोलले का?”

ते खरं होतं. अनंतभाऊ आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. कोंडलेल्या खलाशांच्या बायका तालुक्याच्या कचेरीसमोर धरणं धरणार होत्या. ते थांबवायला ते चार दिवसांपूर्वी आमच्याकडे आले होते. धरणं का थांबवायचं, असं आयनं विचारलं. ते आधी इकडचं तिकडचं बोलले, मग दार लोटून घेतलं. दिल्लीत नवं सरकार बसलंय, हारांची फुलंसुद्धा अजून सुकलेली नाहीत, आणि त्यांचा एक माणूस तिसऱ्याच देशात जाऊन पलीकडच्या सरकारच्या माणसाला भेटून आलाय, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही सरकारांना एकमेकांशी बोलायचंय, पण बोलताना दिसायचं नाहीये. पहिलं पाऊल म्हणून दोन्हीकडचे मच्छीमार सोडायचं ठरलंय, नारळी पौर्णिमेच्या आत. तोवर बाहेर चकार शब्द गेला तर दोघंही हात झटकून मोकळे होतील. त्यांना कुणीतरी अधिकाऱ्यानं हे कानात सांगितलं होतं, धरणं टळावं म्हणून. बाकीच्या बायकांना त्यांनी दुसरंच काही कारण दिलं. खरं सांगितलं ते आम्हा दोघींनाच, कारण आय पटल्याशिवाय ऐकणाऱ्यातली नव्हती. जाताना त्यांनी दोघींकडून दर्याची शपथ घेतली.

आयनं चार दिवस ती पाळली. पण जिवंत पोराचे दिवस घातले जातायत हे ती बघू शकली नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. उत्तर प्रत्येक वेळी साखरेच्या डब्यापाशीच येऊन थांबलं.

मंछामावशी त्या दिवशी घरी गेली नाही. ती दुकानात गेली आणि साखर घेऊन आली. मग गल्लीतल्या प्रत्येक दारात तिनं मूठभर साखर दिली. बायका विचारायच्या, ती नुसतीच हसायची. कित्येक महिने न हसलेल्या माणसाचं हसणं बघवत नाही, इतकं ते उघडं असतं. त्याच दुपारी जिल्ह्याच्या एका छोट्या पेपरचा बातमीदार धरणं का रद्द झालं ते विचारायला गावात आला होता. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या कडेनं तो हिंडत होता, आणि त्याच्याही हातावर साखर पडली. मी त्याला लांबून पाहिलं. चिकट बोटं रुमालाला पुसत तो मोटारसायकलवर बसत होता.

मी शाळेत चौथीपर्यंतच. पुढचं वाचायला मला सुकट बांधायच्या रद्दीनं शिकवलं. म्हणून मला माहीत असलेल्या गोष्टींना बोंबलाचा वास येतो आणि त्यांतल्या निम्म्या अर्ध्यातच फाटलेल्या असतात. पण त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी ताजा पेपर विकत आणून वाचला. आधी जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. नव्या सरकारनं पलीकडच्यांशी बोलणं लावलं असून मच्छीमार सुटणार आहेत, असं ‘एका खलाशाच्या वृद्ध आईनं’ सांगितलं, असं त्यात होतं. मग त्या चार ओळी मुंबईला गेल्या, मुंबईहून दिल्लीला. तिथे कुणीतरी तिसऱ्या देशातलं हॉटेल शोधून काढलं, आणि मग पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं: नव्या सरकारची गुप्त भेट.

तेव्हापासून आमच्या बंदरावर पापलेटचा भाव सोडून लोक परराष्ट्र धोरण बोलायला लागले. ज्यांनी आपली माणसं कोंडली त्यांच्याशी कसलं बोलणं, असं निम्मे म्हणायचे. उरलेले म्हणायचे, कोंडली म्हणूनच बोलायचं; ज्यानं कोंडलीच नाहीत त्याच्याशी बोलून काय सोडवून आणणार? आमचे एक निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, बोलावं, जरूर बोलावं, पण संसदेला सांगून. आज चोरून माणसं सोडवतील, उद्या चोरून आणखी काही देऊन बसतील, मग विचारायचं कुणाला? त्यांचंही काही खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या घरातलं कुणी तिकडे नव्हतं.

आयला मी रोज पेपर वाचून दाखवत होते. ‘वाटाघाटी’ला ती अडली. मी म्हटलं, वाटाघाटी म्हणजे बोलणं.

“मग बोलणं म्हणजे पाप कधीपासून झालं?” ती म्हणाली. “जाळ्यात जाळं अडकलं की समोरच्या नावेला हाक मारावीच लागते. तिच्यावरचा तांडेल बापाचा वैरी का असेना. नाहीतर कापा दोन्ही जाळी.”

सोसायटीच्या ऑफिसात टीव्ही होता. तिथे रोज संध्याकाळी चौकटीतले सहा लोक एकमेकांवर ओरडायचे. विरोधी पक्षाचा माणूस विचारायचा, ही भेट कुणाच्या परवानगीनं झाली? सरकारचा माणूस म्हणायचा, कुठली भेट? मग सगळ्यांचा मिळून एक प्रश्न व्हायचा, की हे फोडलं कुणी. एक म्हणाला, नाराज अधिकारी. दुसरा म्हणाला, परदेशी हेर खातं. तिसऱ्यानं मंत्रिमंडळातल्या भांडणाकडे बोट दाखवलं. एवढी शिकलेली माणसं, पण साखरेच्या पुडीपर्यंत एकाचंही डोकं गेलं नाही.

टीव्हीवाले गावातही आले. एका गोऱ्यापान पोरीनं आयच्या तोंडापुढे माईक धरला. तिनं विचारलं, आजी, देश मोठा की मुलगा?

आयनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“बाय गे, देशातच तर आणायचाय त्याला,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठे आणू?”

ते त्यांनी दाखवलं नाही. आमच्या नावा दाखवल्या, आणि मागे उदास बाजाच्या पेटीचे सूर.

मग एका दुपारी सरकारचा प्रवक्ता टीव्हीवर आला. स्वच्छ शर्ट, स्वच्छ भांग. अशी कुठलीही भेट झालेली नाही, मच्छीमारांच्या सुटकेबद्दल कुणाशीही बोलणं झालेलं नाही आणि होण्याचा प्रश्नच नाही, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या सरकारनंही तेच सांगितलं. दोन देशांचं इतक्या वर्षांत कशावर एकमत झालं असेल तर ते यावर.

अनंतभाऊ तेव्हा ऑफिसात आमच्या मागेच उभे होते. “झालंच नाही म्हणाले,” ते हळूच बोलले. “म्हणजे आता होणारही नाही.”

आमच्या पाठोपाठ ते बाहेर, ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मासळीचा लिलाव नुकताच उठला होता, बायका पाट्या उचलत होत्या. अनंतभाऊ आयसमोर गेले. पेपरात ‘वृद्ध आई’ असं होतं, आणि हे ठाऊक असलेली म्हातारी आई गावात एकच होती.

“काकी,” ते म्हणाले, “पेपरवाल्याशी कोण बोललं?”

सगळ्या थांबल्या. मंछामावशी माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या डोक्यावरची पाटी कलली, ती तिनं सावरली.

“मी,” आय म्हणाली.

“दर्याची शपथ होती.”

“होती.”

अनंतभाऊ रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, जशी मयताला काढतात, आणि निघून गेले.

मीच रागावले. शपथ न बोलण्याची आहे म्हणून मला सांगणारी बाई पेपरवाल्याशी बोलते? माझा नवरा तिचा पोटचा मुलगा होता हे मी विसरले नव्हते, पण रागाला तेवढं सुचत नाही. मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. वाढलंय. पाणी भरलंय. उद्या जवळा येणार आहे. तीही तेवढंच बोलायची. एकदा फक्त म्हणाली, “तू राग धर, पमी. तो धरायलाही घरात कुणीतरी लागतं.”

नारळी पौर्णिमा आली, सोन्याचा कागद लावलेला नारळ दर्यात सोडला, पौर्णिमा गेली. नावा बाहेर पडल्या. धरणं पुन्हा धरायचं म्हटलं तर आता पोलीस परवानगी देईनात, वातावरण तापलंय म्हणून.

थंडीत अनंतभाऊंना फोन आला. भालू तिकडच्या इस्पितळात वारला. ताप होता, पोटाचं काही होतं. जाऊन तीन आठवडे झाले होते. दोन सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून मरणाची बातमीही रांगेत उभी राहून आली. पेटी यायला आणखी वेळ लागला. ती आली विमानानं मुंबईला आणि मग गाडीनं गावात. पेटी उघडायची नाही असं बरोबरच्या माणसानं सांगितलं. मंछामावशीनं हट्ट केला नाही. घरात जाऊन निळा शर्ट आणला आणि पेटीवर अंथरला. बाह्या दोन्ही बाजूंना नीट सोडल्या.

बायका मोठ्यानं बोलत होत्या, ऐकू जावं इतक्या. आषाढातच आलं असतं पोर. जिभेला हाड नाही म्हातारीच्या. हिचा अजून जिवंत आहे, तिचा गेला. आय सगळ्यांच्या मागे, कुडाला टेकून उभी होती. पुढे यायला तिला कुणी वाट देत नव्हतं. तेव्हा मंछामावशी पेटीपासून उठली, गर्दीतून मागे गेली, आयचा हात धरून तिला पुढे ओढत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

तेव्हापासून मंछामावशीला गावात देवासारखा मान मिळाला. जिच्यामुळे पोर गेलं तिलाच शेजारी बसवते, असं काळीज कुणाचं असतं? आणि आयचं नाव पडलं ते पडलंच. लिलावाच्या ओळीत तिच्या पाटीच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. बारशा-लग्नाला बोलावणं मला यायचं, तिच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. एकदा एक पोरगी तिला तोंडावर म्हणाली, आजी, तुझ्यासमोर काही बोलायचं म्हणजे भीती वाटते, पेपरात येईल. आय त्या पोरीकडे बघून हसली आणि बोंबील उलटत राहिली.

त्याच सुमारास तिनं साखर सोडली. चहात नाही, सणाला नाही, प्रसादाचा शिरासुद्धा कपाळाला लावून माझ्या हातात द्यायची. मी समजले, हरेश्वर येईपर्यंतचा नवस असेल. रोज संध्याकाळी ती बिनसाखरेचा काळा चहा किटलीत भरून मंछामावशीच्या ओट्यावर घेऊन जायची. मावशीही तसाच प्यायची. दोघी भिंतीला टेकून बसायच्या, कपातून बशीत, बशीतून तोंडात. एवढ्या बोलक्या बायका, पण त्या ओट्यावर मी त्यांना कधी बोलताना पाहिलं नाही. अंधार पडला की आय रिकामी किटली घेऊन परत यायची.

हरेश्वर पुढच्या वर्षी आला. त्या वेळी कुणी कुणाशी बोललं, कुठल्या देशात बोललं, हे आम्ही विचारलं नाही. पेपरात आतल्या पानावर ‘मानवतेच्या दृष्टीनं’ असं होतं, तेवढं पुरलं. गुजरातेतून गाडीनं तो आला तेव्हा स्टेशनवर मी त्याला आधी ओळखलंच नाही. त्याच्या पाठीमागे कुणी आहे का ते बघत राहिले. केस अर्धे पिकलेले, खोकला, आणि कुणी हाक मारली की उभं राहायची सवय. थैलीतून त्यानं मण्यांचं एक होडकं काढलं. तिकडे कैदी मणी विणायचे. हे भालूनं विणायला घेतलेलं, शिडापर्यंत पोचलं नव्हतं. मंछामावशीनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “गाठी माझ्यासारख्याच घालतो.” घालायचा, असं तिनं म्हटलं नाही. घालतो, म्हणाली.

गावानं साखर आणली. हरेश्वरच्या तोंडात घातली, माझ्या घातली. मग मी आयच्या ओठांपाशी नेली. म्हटलं, आय, नवस फिटला. घे आता.

तिनं माझं मनगट धरून हात खाली केला.

“नवस बोललेच कुठे होते मी,” ती म्हणाली. आणि किटली उचलून मावशीच्या ओट्याकडे निघाली.

माझा राग त्या संध्याकाळी गेला. माणूस परत आल्यावर राग ठेवायला घरात जागा उरत नाही. पण जे काही तिला विचारायला हवं होतं, तेही मी रागाबरोबरच ठेवून दिलं. पुढची नऊ-दहा वर्षं आम्ही बऱ्या राहिलो. हरेश्वर पुन्हा दर्यावर गेला नाही. बंदरावर जाळी दुरुस्त करतो. आय गेली ती वैशाखात, दुपारची झोपेतच. मंछामावशी तिच्या पायांशी बसून होती. रडली नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण केलं. मयताच्या घरानं तोंड गोड केल्याशिवाय दुःख उठत नाही. सगळे आले, अनंतभाऊही काठी टेकत आले. मंछामावशी आली नाही. मी वाटीत लापशी घेतली आणि तिच्याकडे गेले. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. दिल्लीत पुन्हा नवं सरकार आलं होतं, पुन्हा कुणी तरी पलीकडच्या कुणाला भेटलं होतं, आणि पुन्हा चौकटीतले सहा लोक विचारत होते, फोडलं कुणी.

मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. शेजारची जागा मोकळी होती. मी वाटी पुढे केली. म्हटलं, मावशी, घे. आता कुणासाठी सोडायचं?

“तो माझ्याशी बोलला होता,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी विचारलं, कोण?

“पेपरवाला. साखरेनं चिकट झालेल्या हातानं त्यानं विचारलं, मावशी, एवढा आनंद कशाचा? मी म्हटलं, पोरं येतायत, नव्या सरकारनं पलीकडच्यांशी बोलणं केलंय. रेवानं मला दोनच चिमट्या दिल्या होत्या गे. एक शब्द दिला नव्हता. शब्द माझा मीच लावला. अनंता दिल्लीहून आला, रेवा खोटी साखर देणार नाही, म्हणजे बोलणं झालं. त्याला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.”

मी वाटी ओट्यावर ठेवली.

“पण आय तर म्हणाली, मी.”

“कुडाच्या पलीकडे ती बोंबील उलटत होती. तिनं सगळं ऐकलं. मला दिसली ती.” मावशी टीव्हीच्या आवाजाच्या दिशेनं बघत होती. “अनंतानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी. मी शेजारीच उभी. म्हटलं, आज गावासमोर नको, उद्या सांगेन अनंताला. मग उद्या म्हटलं, पोरं आल्यावर सांगेन. मग भालूची पेटी आली. आता सांग, कुणाला सांगायचं होतं मी? की माझ्या पोराला मीच…”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मीही करू दिलं नसतं.

“तुम्ही दोघी यावर कधी बोललात?” मी विचारलं.

“एकदा नाही. ती किटली घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी घोट घेतला, तर बिनसाखरेचा. तिच्याकडे पाहिलं. ती दर्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, तिनं चिमूट दिली नसती तर माझ्या तोंडून शब्द गेला नसता. मला ठाऊक होतं, शब्द माझा. पण म्हटलं, सांगून मोकळी झाले तर उद्यापासून ही यायची नाही. काय काम तिला? म्हणून दोघींनी साखर सोडली. गाव मला देव म्हणायचं, आणि ती ऐकून घ्यायची.”

शेजारच्या टीव्हीवर जाहिरात लागली. जरा शांत झालं. आमच्या घराकडून माणसांचे आवाज येत होते, पंगत अजून उठली नव्हती.

मावशी भिंतीला हात लावून उभी राहिली. पदर सारखा केला. “चल,” ती म्हणाली. “सगळे जमलेत. अनंताही आहे. आज सांगते. निदान मेल्यावर तरी तिच्या पाटीशेजारी कुणी बसू दे.”

ती पायरीपर्यंत गेली. एक पाय खाली टाकला. ती जाणार होती. आणि मला ते हवं होतं. इतकी वर्षं आयनं खाल्लेलं प्रत्येक बोलणं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, त्यांत माझं स्वतःचंही, वाढलंय, पाणी भरलंय. एका वाक्यात सगळं धुतलं गेलं असतं. पण ज्या बाईनं इतकी वर्षं हे वाक्य दुसरीच्या तोंडून निघू दिलं नाही, तिच्याच तेराव्याला ते निघू द्यायचं, आणि तेही मी? या म्हातारीला गावानं मग काय म्हटलं असतं ते आयला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ती रोज येत होती.

मी मावशीचा हात धरला आणि तिला परत भिंतीशी बसवलं. सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता मावशीही नाही. अनंतभाऊही नाहीत. म्हणून हे लिहिते.

त्या दिवशी मावशीच्या घरात जाऊन मी चूल पेटवली. पाणी उकळलं, चहाची पूड घातली. फळीवर साखरेचा डबा होता. त्याचं झाकण गंजून डब्याला चिकटलेलं होतं. मी तो तिथेच राहू दिला. दोन कप भरून बाहेर आणले आणि आयच्या जागी, भिंतीला टेकून बसले.

मावशीनं बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दर्याकडे बघत होते.